खडक धुणारी बाई

आपली आई समुद्रातले खडक धुवायची, असं प्यो हू-नाम कधी बोलून गेली की ऐकणारा आधी तिच्या तोंडाकडे बघायचा आणि मग हसायचा. नवरा होता तोवर तो म्हणायचा, "धुतले ते ठीक आहे, पण वाळत कुठं घालायची?" लेक म्हणायची, "आई, हे तुला स्वप्नात दिसलं असणार." आणि खुद्द आईला विचारलं, तर तीही तेच म्हणायची. "स्वप्न पडलं असेल तुला. खडक कुणी धुतं का?" एवढं बोलून ती पुन्हा मुळा चिरायला घ्यायची, आणि सुरी फळीवर जरा जास्तच जोरात वाजायची.

पण हू-नामला जे दिसायचं ते स्वप्नासारखं नव्हतं. मांडीएवढ्या पाण्यात उभी असलेली आई. तिची पाठ. डोक्याला बांधलेलं पांढरं फडकं, हातात लांब दांड्याचं काहीतरी, आणि खर्र, खर्र असा आवाज. स्वप्नातले आवाज इतके खरखरीत नसतात, असं हू-नामचं म्हणणं होतं. त्याच्या पुढचं-मागचं मात्र काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आठ वर्षांची असताना ती समुद्राकाठचं दोलगे गाव सोडून आई आणि धाकट्या भावाबरोबर देगू शहरात आली, त्याला आता अठ्ठावन्न वर्षं झाली होती. आईला जाऊनही एकोणीस वर्षं झाली होती. विचारायला माणूसच उरलं नव्हतं.

विचारणं हा हू-नामचा स्वभाव होता. देगूच्या बाजारात कापडाच्या गल्लीच्या टोकाला तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. चाळीस वर्षं तिनं लोकांच्या पँटी आखूड केल्या, चेन बदलल्या, कोटांची अस्तरं घातली. आणि तोंडात टाचण्या धरूनसुद्धा ती प्रश्न विचारायची. पोट कधीपासून सुटलं? हा डाग कशाचा? मुलगी पसंत पडली का? लोक वैतागायचे, पण परत तिच्याकडेच यायचे. तिचं नाव पाठीवर मुलगा यावा म्हणून ठेवलेलं, आणि तसा तो आलाही. भाऊ थे-ग्यू तिच्याहून चार वर्षांनी लहान.

त्या नोव्हेंबरात एक अनोळखी बाई पँट आखूड करून घ्यायला आली. बोलता बोलता ती समुद्राकडची निघाली, आणि हू-नामनं सवयीनं आपली खडकांची गोष्ट सांगितली. ती बाई हसली नाही. तिनं फक्त विचारलं, "कुठल्या महिन्यात धुवायची?"

हू-नामच्या हातातली कात्री थांबली. हा प्रश्न तिला अठ्ठावन्न वर्षांत कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "थंडी असायची. आईचे हात लाल झालेले असायचे. आणि ओळीनं वाळत टाकलेली परसिमनची फळं असायची आमच्या छपराखाली."

"मग खरं असेल," बाई म्हणाली, पँट पिशवीत घातली आणि निघून गेली. पँटी हातावेगळ्या करण्याच्या नादात हू-नामचं तिला पुढचं काही विचारायचं राहून गेलं. ती हळहळ तिला दोन दिवस पुरली. तिसऱ्या दिवशी तिनं भावाला फोन लावला.

"थे-ग्यू, रविवारी काय करतोयस?"

"काय करणार? निवृत्त माणूस. बायको सांगेल ते."

"दोलगेला जाऊन येऊ. सकाळी जायचं, संध्याकाळी परत."

"तिथं आपलं आहे कोण?"

"तेच बघायचंय."

थे-ग्यूनं तीस वर्षं शहरातली बस चालवली होती, त्यामुळे दुसऱ्यानं चालवलेल्या बसमध्ये त्याला स्वस्थ बसवत नसे. रविवारी समुद्रकाठच्या वळणावळणाच्या रस्त्यावर तो प्रत्येक वळणाला पुटपुटत होता. "आधी ब्रेक. आधी ब्रेक दाब रे बाबा. हां, आता दाबून काय उपयोग?"

"तू गप्प बस, नाहीतर तो आपल्याला इथंच उतरवेल," हू-नाम म्हणाली. "मला सांग, तुला दोलगेचं काय आठवतं?"

"काही नाही. चार वर्षांचा होतो मी."

"काहीतरी असेल."

"एक खांब आठवतो."

"कसला खांब?"

"ते ठाऊक असतं तर काय पाहिजे होतं? खांब. लाकडाचा. त्याचा वास आठवतो." तो जरा ओशाळला. "आता तू त्या खांबाच्या मागं लागू नकोस, ताई."

ती लगेच लागली. किती जाड होता, घरात होता की बाहेर, गुळगुळीत होता का, तुझ्या उंचीला त्यावर काय होतं? दोलगे येईपर्यंत थे-ग्यूला ड्रायव्हरकडे लक्ष द्यायला फुरसत मिळाली नाही.

गावात उतरले तर ओळखीचं काही नव्हतं. समुद्रात शिरलेला काँक्रीटचा लांब बांध, त्याच्या टोकाला लाल दिवा, रस्त्याच्या कडेनं रंगीत भिंती, एक कॉफीचं दुकान. हू-नामला आठवत होता तो उतार नव्हता. उतारावरची विहीर नव्हती. आपलं घर ज्या जागी असावं असं तिला वाटत होतं, तिथं दोन मोटारी उभ्या होत्या. वारा असा बोचरा होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. थे-ग्यूनं टोपी कानांवर ओढली आणि म्हणाला, "बघितलंस? झालं समाधान? चल, कुठंतरी गरम काहीतरी खाऊ. मग तीनची बस धरू."

"अजून अकरा वाजलेत."

"अकरा वाजता इथं बघायचं संपलं, म्हणजे बारा वाजता काय नवीन उगवणार आहे?"

हू-नाम उत्तर देणार एवढ्यात समोरच्या गल्लीतून दोन म्हाताऱ्या आल्या. छातीपर्यंतचे रबरी पोशाख, डोक्यावर फुलाफुलांच्या टोप्या, आणि खांद्यावर माणसापेक्षा लांब दांडे. दांड्यांच्या टोकाला खुरप्यासारखी रुंद लोखंडी पाती. एक दुसरीला ओरडून विचारत होती, कारण दुसरीला कमी ऐकू येत असावं:

"छंगसोंगवालीवर आज कोण आहे?"

"काल गेले होते चौघं!"

"काय केलं त्यांनी? कपाळ! छंगसोंगवालीच्या डोक्यावर अजून एवढं शेवाळ आहे. पाठ तर कुणी घासलीच नाही!"

हू-नाम जागच्या जागी उभी राहिली. दोलगेत बाईला तिच्या नावानं कुणी हाक मारत नसे. माहेरच्या गावावरून मारत. तिची आई डोंगरातल्या छंगसोंगची. इथं असेपर्यंत ती छंगसोंगवालीच होती. हू-नामनं भावाचा दंड धरला.

"ऐकलंस?"

"ऐकलं," थे-ग्यू म्हणाला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "आईची पाठ कोण घासतंय, ताई?"

ती धावतच त्या दोघींना गाठायला गेली. "मावशी, ओ मावशी! छंगसोंगवाली कोण?"

"कोण नव्हे, काय," मोठ्यानं बोलणारी म्हातारी म्हणाली. नव्वदीकडे झुकलेली असावी, पण दांडा तिनं काडीसारखा धरला होता. "खडक आहे तो. तो बघा, बांधाच्या डाव्या अंगाला, पाणी फुटतंय ना, तो. तुम्ही कॉफी प्यायला आलात का? दुकान तिकडं आहे."

"त्याला छंगसोंगवाली का म्हणतात?"

"छंगसोंगची एक बाई होती म्हणून. तुम्हाला कशाला हव्यात चौकशा?"

"मी तिची मुलगी," हू-नाम म्हणाली.

म्हातारीनं दांडा खाली टेकवला. तिनं हू-नामकडे पाहिलं, मग मागं उभ्या थे-ग्यूकडे पाहिलं, आणि एकदम त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "म्हणजे हा तो खांबाला बांधलेला!"

हूफो बंदरातून लग्न होऊन आलेली ही म्हातारी हूफोवाली. तिचं घर त्यांच्या घरापासून तिसरं. तिनं दुसऱ्या म्हातारीला पुढं पाठवलं आणि बांधाच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा जागी, त्या दोघांना घेऊन बसली. ओहोटी पुरती व्हायला अजून तासभर होता. खडकावर पाय ठेवता येईल तेव्हाच काम.

"तू पाण्याकडं पळायचास म्हणून कमरेला फडकं बांधून तुला आमच्या पडवीच्या खांबाला बांधून ठेवायची ती," हूफोवाली थे-ग्यूला म्हणाली. "आणि तू तो खांब चाटायचास. खारट लागायचा म्हणून."

"बासष्ट वर्षांचा आहे मी," थे-ग्यू म्हणाला. "हे ऐकायला तीन तास बसमध्ये बसून आलो."

हू-नामला हसू आवरेना. पण तिला घाई झाली होती. "मावशी, आई खडक खरंच धुवायची? का धुवायची?"

"अगं, का म्हणजे? तुम्ही शहरात वाढदिवसाला मियोकचं सूप पिता, ते मियोक, ती समुद्रातली भाजी, येते कुठून? मियोकचं बी पाण्यातून तरंगत येतं. खडक शेवाळानं माखलेला असला तर ते बसणार कुठं? म्हणून थंडीच्या तोंडाला खडक घासून लख्ख करायचा. शेतात नांगर घालतात, तसंच. मग चैत-वैशाखात मियोक कापायचं. प्रत्येक घराला खडकाचा वाटा. चिठ्ठ्या टाकून ठरायचा."

"आणि आमच्या वाट्याला तो आला."

हूफोवालीनं हातातला दांडा बाजूला ठेवला. "तुझे वडील बुडाले त्या वर्षी चिठ्ठ्या टाकायला गाव जमलं, तेव्हा काही पुरुष म्हणाले, हिला चिठ्ठी नको. घरात घासायला पुरुष नाही. आणि ही डोंगरातली, पाण्यात पाय घालायला घाबरणारी. तेव्हा तुझी आई उठली. एरवी तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. म्हणाली, 'नियम काय आहे? ज्या घराच्या चुलीतून धूर निघतो, त्या घराला वाटा. सकाळी माझ्या घरावर धूर दिसला नाही असा कोण आहे, त्यानं पुढं या.' कोण येणार? दिली चिठ्ठी."

"मग?"

"मग काय, नशीब बघ. निघाला तो खडक. सगळ्यांत वाईट. लाटेच्या तोंडावरचा. तो कुणाला आला की लोक तसाच सोडून द्यायचे. त्यावर कधी हातभरसुद्धा मियोक आलेलं नव्हतं. आणि ही बाई रोज ओहोटीला जाऊन तो घासायची. आम्ही वरून बघून हसायचो. म्हणायचो, छंगसोंगवालीला वाटतंय हे शेत आहे, खुरपणी चाललीये." म्हातारीनं नाक पुसलं. "मीही हसले. खोटं कशाला बोलू?"

हू-नामच्या मनात तो आवाज होता. खर्र, खर्र. ती म्हणाली, "मला तिची पाठ आठवते. ती कधी मागं वळून बघायची नाही."

"कशी बघेल? लाट समोरून येते. पण तू मागं आहेस हे तिला ठाऊक असायचं. दोरी होती ना."

"कसली दोरी?"

हूफोवालीनं तिच्याकडे असं बघितलं, जणू ती स्वतःचं घरच विसरली आहे. "तिच्या कमरेला दोरी असायची. दुसरं टोक तुझ्या हातात."

"माझ्या? मी आठ वर्षांची होते!"

"सात. पहिल्या वर्षी सात. तू काय ओढणार होतीस तिला, कपाळ! मी तिला म्हटलं होतं, ही दोरी खुंटीला बांध, पोरीच्या हातात काय देतेस? ती म्हणाली, 'खुंटीला बांधली तर मी बेफिकीर होईन. टोकाला पोरगी आहे म्हणून एकेक पाय सांभाळून टाकते.'"

थे-ग्यूनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. हू-नामनं आपल्या हातांकडे पाहिलं. दोरी आठवत नव्हती. कितीही जोर दिला तरी आठवत नव्हती. तिला त्याचंच नवल वाटत राहिलं: पाठ आठवते, फडकं आठवतं, आणि जे आपल्याच हातात होतं ते मात्र नाही.

"आम्ही गाव का सोडलं, मावशी?"

"ते तिनं तुला कधी सांगितलं नाही?"

"खडक धुवायची हेसुद्धा नाही. म्हणायची, स्वप्न पडलं असेल."

"हं." म्हातारीनं समुद्राकडे पाहिलं. "मला तिनं बजावलं होतं, पोरीपुढं कधी काढू नकोस म्हणून. पण आता ती नाही, आणि मीही किती दिवस असणार? दुसऱ्या वर्षीची गोष्ट, खडक तोच. काम संपत आलं होतं. एक लाट आली, कुणाला दिसली नाही. तुझी आई पडली. तू दोरी सोडायला हवी होतीस. कुणीही सोडली असती. तू सोडली नाहीस. शिंपल्यांवरून फरफटत पाण्यापर्यंत गेलीस. मी जवळच होते. तुला केसांना धरून ओढलं. आई आपली आपण उठली, गुडघे फुटलेले. तुझ्याकडे आली आणि पहिल्यांदा तुझ्या फाडकन मुस्काटात मारली. का सोडली नाहीस म्हणून. मग मांडीवर घेऊन बसली ती अंधार पडेपर्यंत. पंधरा दिवसांत देगूला गेलात तुम्ही."

खाली पाणी हळूहळू उतरत होतं आणि खडकांची काळी डोकी वर येत होती.

"आणि खडक?" शेवटी हू-नामनं विचारलं.

"त्या वसंतात त्यावर असं मियोक आलं, की आम्ही सगळ्या काठावर उभ्या राहून बघतच बसलो. हातभर नाही, पुरुषभर. लाटेच्या तोंडावरचं मियोक जाड असतं, शिजवलं तरी विरघळत नाही. फक्त आजवर कुणी लागोपाठ दोन वर्षं घासायचा त्रास घेतला नव्हता. तुमचा वाटा आम्ही वाळवून देगूला पाठवला. दोन वर्षं पाठवला. मग गठ्ठा परत आला, पत्ता बदलला म्हणून. तेव्हापासून हा खडक चिठ्ठीत टाकत नाही. सगळं गाव मिळून घासतं."

ओहोटी पुरती झाली. हूफोवाली गुडघ्यावर हात टेकून उठली. हू-नामही उठली. "मी येते."

"कुठं?"

"खडकावर."

"ताई, वेड लागलंय का तुला?" थे-ग्यू म्हणाला. "सहासष्टाव्या वर्षी?"

"सहासष्ट?" हूफोवालीनं तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "आमच्यात ती सगळ्यांत तरुण होईल. रबरी कपडे मिळतील, माझ्या सुनेचे आहेत. ती शहरात पळाली, कपडे राहिले. तुझ्या मापाचे नाहीत, जरा ढगळ होतील."

"ते मी बघून घेईन," हू-नाम म्हणाली. चाळीस वर्षांत तिला पहिल्यांदाच मापाची फिकीर नव्हती.

खडकावर सातजण होते, पाच बायका आणि दोन म्हातारे. पात्याचा दांडा हातात घेतल्यावर हू-नामला कळलं की हे काम हातानं होत नाही, कमरेनं होतं. पहिल्या पाच मिनिटांत तिच्या खांद्यातून कळ निघाली. पाणी इतकं गार होतं की रबरातून हाडाला लागत होतं. एका म्हाताऱ्यानं तिला सांगितलं, "बाई, तुम्ही खडकाला गुदगुल्या करताय." ती पेटली. तिनं दात आवळून पातं लावलं, आणि हिरवं, बुळबुळीत शेवाळ सोलून निघालं, खाली काळा स्वच्छ दगड दिसला. आवाज तोच होता. पण तो तिला वाटायचा त्यापेक्षा हळू होता. लहानपणी तिच्या कानांत तो एवढा मोठा का झाला होता, याचा विचार करत ती घासत राहिली. आणि मध्येच शेजारणीला विचारू लागली, हे शेवाळ फेकता की वापरता, सगळ्यांत उंच लाट कुठून येते, वय झालं की कोण येतं तुमच्यानंतर?

"आमच्यानंतर?" शेजारीण म्हणाली. "आमच्यानंतर मावळतीचा वारा. बोलू नकोस, घास."

थे-ग्यू काठावर उभा राहून ओरडत होता. "ताई, मागं बघू नकोस, लाट समोर आहे! ताई, डावा पाय!" तीनची बस गेली. चारची गेली. त्याला त्याचं भान नव्हतं.

हूफोवालीच्या स्वयंपाकघरात जमीन खालून तापवलेली होती. हू-नामला बोटं मिटता येत नव्हती, म्हणून म्हातारीनं तिच्या तोंडापुढं चमचा धरला आणि लहान पोरीसारखं भरवू का म्हणून तिला चिडवलं. मियोक आणि शिंपल्यांच्या गरम सुपाचे मोठाले वाडगे झाले, वर भात झाला. थे-ग्यूनं तीनदा घेतलं. मग म्हातारी एकाएकी म्हणाली, "छंगसोंगवालीचं नाव काय होतं गं? इतकी वर्षं तिसऱ्या घरात राहिली, पण आम्ही कधी विचारलंच नाही."

"ओक-दान," हू-नाम म्हणाली.

"ओक-दान." म्हातारीनं ते दोनदा म्हणून बघितलं, मग मान हलवली. "चांगलं होतं की. वाया घालवलं आम्ही."

सहाच्या बसमध्ये थे-ग्यू बसल्या बसल्या झोपला. ड्रायव्हर वळणं कशी घेतो ते त्यानं एकदाही बघितलं नाही. हू-नामच्या अंगातला एकेक सांधा ठणकत होता, तरी तिला झोप नव्हती. ती मनात दोरी धरून बघत होती. जाड होती का? ओली असताना जड लागायची का?

त्यानंतर दर वर्षी थंडीच्या तोंडाला हू-नाम दोन दिवस दुकानाला कुलूप लावते आणि दोलगेला जाते. पुढच्या वर्षी तिनं स्वतःच्या मापाचे रबरी कपडे नेले, शिवणी आतून पक्क्या करून. त्या खेपेला तिला एक दुसरी म्हातारी भेटली, जी पहिल्या वर्षी मुलाकडे गेली होती. ती ठामपणे म्हणाली की हूफोवालीला काही आठवत नाही. दोरी नव्हतीच मुळी, ती होती आईच्या परकराची लांब चिंधी, आणि पोरीला केसांना धरून ओढलं ते हूफोवालीनं नव्हे, आपण. दोघी म्हाताऱ्या त्यावरून खडकावर उभ्या राहून भांडल्या, पाती हातात घेऊन, लाटा येत असताना. हू-नाम मधे उभी राहून दोघींना प्रश्न विचारत होती.